शाळेतल्या समुपदेशकांनी शिकत राहायचं कुठे? सांगली-सातारा भागात दरमहा केस-चर्चा सुरू करूया का?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातल्या काही माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. मानसशास्त्रात एम.ए., नंतर समुपदेशनाची पदविका. मानधन, करार, नेमणुका हे विषय मोठे आहेत, पण ते आज बाजूला ठेवते. मला विचारायचंय ते हे : एकदा कामाला लागल्यावर आपण शिकतो कुठे आणि कुणाकडून?

कार्यशाळा होतात. माझ्याही वाट्याला अधूनमधून येतात. सकाळी उद्घाटन, मग किशोरवयीन मुलांच्या समस्यांवर व्याख्यान, जेवण, दुपारी आणखी एक व्याख्यान, शेवटी प्रमाणपत्र. व्याख्याते चांगले असतात, अभ्यास करून येतात. पण भरलेल्या सभागृहात कुणी आपली अडलेली केस मांडत नाही, आणि मांडूही नये. त्यामुळे दुसऱ्या दिवशी समोर मूल येऊन बसलं की आपण होतो तिथेच असतो.

एक उदाहरण देते. विटा, आटपाडी भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं तामिळनाडूपासून बंगालपर्यंत. आईवडील तिकडे, मुलं शिक्षणासाठी गावी आजी-आजोबांजवळ. अशा घरातली आठवीतली एक मुलगी. दिवाळीला, यात्रेला आईवडील येतात, आणि ते परत गेले की हिचं पोट दुखायला लागतं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. माझ्यासमोर बसते, पाण्याच्या बाटलीवरचं स्टिकर नखानं सोलत राहते आणि काहीही विचारलं तरी "काय न्हाय मॅडम". आजी म्हणते, "तिला काय झालंय, खातीया-पितीया." वडिलांशी बोलायचं तर दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, आणि तेव्हा फोन आजीच्या हातात.

ताण पोटातून बोलतो हे मला पुस्तकातून माहीत आहे. पण आधी कुणाशी बोलू? आईला कळवलं तर ती तिकडे झुरत बसेल का? की मुलीलाच आईशी बोलायला तयार करू? किती दिवस वाट बघून मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू? अशी मुलं पाहिलेल्या चार माणसांबरोबर तास-दीड तास बसलं तरच याची उत्तरं सापडतात.

मोठ्या शहरांतल्या मानसशास्त्रीय केंद्रांमध्ये याला सुपरव्हिजन म्हणतात. नवीन काय, जुने समुपदेशकही आपल्या केस ज्येष्ठांसमोर नियमित मांडतात. तो त्यांच्या कामाचाच भाग असतो. आपल्याकडे मात्र माणूस एकदा नेमला की तो पुढे एकटाच. पुण्या-मुंबईहून ऑनलाइन सुपरव्हिजन मिळतं, पण पैसे भरून आणि बहुतेकदा इंग्रजीतून. "खातीया-पितीया" म्हणणारी आजी इंग्रजीत मांडायची कशी?

आणि हे आताच का काढलं, तर 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. शासन कायदा करत नाही तोवर देशभर लागू अशी मार्गदर्शक तत्त्वं त्यात आहेत. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. आणि सगळ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण : मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणं, स्वतःला इजा करणाऱ्या मुलाशी कसं वागायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं. म्हणजे आपल्या भागात या कामात नवी माणसं येणार. ती दोन प्रशिक्षणंही व्याख्यानांतच संपली तर मुलांच्या हाती काही पडणार नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. महिन्यातून एक दुपार, आठ-दहा माणसं, दोन केस, सोबत एक ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. जागा कराड, कारण ते दोन्ही जिल्ह्यांना बरं पडतं. कोण कोण येईल?

गुरुजी_वाळवा

मॅडम, मी येईन. पण मी समुपदेशक नाही, विज्ञानाचा शिक्षक आहे. शाळेत समुपदेशनाची जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. दीक्षा अ‍ॅपवर शिक्षकांसाठीचं शासनाचं निष्ठा प्रशिक्षण पूर्ण केलं, त्यातून मुलांकडे बघायची दृष्टी बदलली हे खरं.

माझी अडचण तुमच्यापेक्षा वेगळी. ज्या मुलाने मला घरातलं भांडण सांगायचं, त्याचाच पेपर मी तपासतो आणि गृहपाठ नसला की मीच त्याला उभा करतो. तरी मुलं येतात. वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेत बीकर धुवायला थांबतात आणि धुता-धुता बोलतात. त्यांनी बोलावं हे मला हवं आहे. पण ऐकून घेतल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे कुणी शिकवलेलं नाही. माझ्यासारख्याने नोकरी सांभाळून काय शिकावं?

येरळाकाठ

गुरुजी, तुम्ही जरूर या. मुलं तुमच्याजवळ थांबतात ही मोठी गोष्ट आहे, पदवीने ती मिळत नाही.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका शिक्षकांनाही करता येते. साधारण वर्षभराची आहे : काही भाग घरून, काही प्रत्यक्ष संपर्क वर्गात, आणि शेवटी आपल्याच गावात-शाळेत राहून काम. महाराष्ट्रासाठीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. संपर्क वर्गासाठी सलग रजा लागते, तिथेच आपल्या शिक्षकांचं अडतं. इग्नूची समुपदेशन आणि कुटुंबोपचाराची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणातून होते. बालसंरक्षणाच्या बाजूने शिकायचं असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम बघा, मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीच तो आहे.

पण यातलं काहीही केलं तरी केस-चर्चेची जागा ते घेत नाही.

मिरजेचा_डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ. शाळांकडून येणाऱ्या चिठ्ठ्या रोज बघतो, म्हणून लिहितो.

"मुलगा नीट वागत नाही, तपासावे." चिठ्ठीवर एवढंच. सोबत आलेला काका सांगतो, मला काही माहीत नाही, शाळेने पाठवलं. मग पहिली भेट माहिती गोळा करण्यातच जाते, आणि जत-शिराळ्याहून आलेलं माणूस दुसऱ्या भेटीला येईलच असं नाही. त्याऐवजी समुपदेशकाने चारच ओळी लिहाव्यात. बदल कधीपासून दिसतोय. झोप आणि जेवण कसं आहे. शाळेची हजेरी किती तुटली. मरणाचं काही बोललाय का, आणि बोलला असेल तर त्याच्याच शब्दांत. एवढ्यावर माझं निम्मं काम होतं.

मरणाच्या विचारांबद्दल विचारायला शिक्षक घाबरतात. विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते भरेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. शांतपणे, सरळ विचारल्याने विचार पेरले जात नाहीत. उलट, इतके दिवस एकट्याने वागवलेलं ओझं कुणीतरी ओळखलं म्हणून मूल मोकळं होतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलावायचं आणि तज्ज्ञांपर्यंत पोचवायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस ही शासनाची मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणखी एक. "पोलीस केस होईल" म्हणून आत्महत्येचा प्रयत्न घरचे लोक लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा करायची नाही. हे शाळेतल्या प्रत्येकाला पाठ असावं.

मी दर महिन्याला येईन असं म्हणत नाही, ओपीडी सोडवत नाही. एकाआड एक महिना नक्की. मानधनाचं बोलू नका.

माणदेशी_ताई

डॉक्टरांचे आभार. वरच्या चार ओळी आमच्या कार्यालयात लावते आहे.

एक सूचना. फक्त शाळेतले समुपदेशक बोलावू नका. वसतिगृहाचे गृहप्रमुख, बालगृहातले कर्मचारी, ग्रामीण रुग्णालयातल्या किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकचे समुपदेशक, आमच्यासारखे संस्थांचे कार्यकर्ते, सगळे तीच मुलं बघतात. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर, माण-खटावकडे काम करते. मुलगी शाळेत आहे तोवर तुमची. शाळा सुटली की तुमच्या यादीतून जाते आणि आमच्या यादीत येते. मधल्या काळात ती कुणाचीच नसते.

ऊसतोडीचंच बघा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पंधरा वर्षांची पोरगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग आईबाप स्थळ बघतात. त्यांना पोरगी जड झाली म्हणून नाही, भीतीपोटी. अशी मुलगी शाळेत मैत्रिणीला सांगते, मैत्रीण बाईंना सांगते, आणि लग्न परवावर आलेलं असतं. त्या वेळी बाईंनी काय करायचं? बहुतेक जणी आधी घरी जाऊन समजूत घालतात. त्याने कधीकधी लग्न थांबतं, आणि कधीकधी रातोरात मुलीला मामाच्या गावी नेऊन उरकतात. माझा अनुभव असा की तारीख ठरलेली असेल तर आधी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो ते. समजूत घालायला आपण त्यांच्यासोबत जायचं. आणि लग्न थांबल्यावर सोडून द्यायचं नाही. खरं काम त्यानंतरचं : ती मुलगी हंगामात राहणार कुठे, हंगामी वसतिगृहात की आत्याकडे, हे ठरेपर्यंत मागे लागायचं.

असलं काही कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नाही मी. जुन्या कार्यकर्त्यांच्या मागे फिरून शिकले.

कायदा_कट्टा

प्रस्ताव चांगला आहे, पण एक धोका मांडतो. केस-चर्चा म्हणजे मुलाची गोष्ट आठ-दहा लोकांना सांगणं. शहरात ते खपून जातं. आपल्याकडे "गलाईवाल्याची आठवीतली पोरगी, आजीजवळ राहते" एवढं म्हटलं की तालुक्यातला कुणीतरी ओळखणार. येरळाकाठ मॅडम, तुमच्या वरच्या उदाहरणाबद्दलही मला तसंच वाटलं.

दुसरं, पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. मूल 18 वर्षांच्या आतलं आहे आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तर कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "आधी महिन्याच्या बैठकीत चर्चा करू" हे चालणार नाही. न कळवल्यास कलम 21 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. त्यामुळे मुलाला पहिल्याच भेटीत "तू सांगशील ते कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन" असं म्हणा.

गुरुजी_वाळवा

हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

येरळाकाठ

कायदा_कट्टा, मुद्दा रास्त आहे. वरची मुलगी मी अनेक मुलींवरून मिळून लिहिली आहे, वर्गही बदललेला आहे. पण बैठकीसाठी नियम हवेतच. मला सुचतात ते सांगते. ज्या तालुक्यातली केस आहे त्या तालुक्यातलं दुसरं कुणी त्या गटात बसणार नाही. नाव, गाव, शाळा, जात, वडिलांचा नेमका धंदा यातलं काही कागदावर येणार नाही. कागद बैठकीत वाटायचा, संपल्यावर परत घ्यायचा आणि फाडायचा. मोबाइल बाहेर. व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त तारीख आणि जागा, केसबद्दल एक अक्षरही नाही. आणि पॉक्सोची गोष्ट त्याच दिवशी कळवायची, बैठकीची वाट बघायची नाही.

आणखी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. चर्चा आपल्यासाठी आहे : मी काय विचारलं, कुठे घाबरले, कुठे घाई केली, पुढे काय करू. मुलाचं घर उघडं करायला आपण बसत नाही.

आईची_माया

मी समुपदेशक नाही, पालक आहे, सांगलीहून. बोलू का?

माझ्या मुलाला नववीत शाळेच्या मॅडमकडे पाठवलं तेव्हा घरात वाद झाला, सासूबाई म्हणाल्या पोराला वेडा ठरवलं. मॅडमनी मला बोलावून पहिल्यांदा माझीच चौकशी केली, तुम्ही झोपता का म्हणाल्या. तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. पालकांशी कसं बोलावं हेही तुमच्या बैठकीत घ्या. बहुतेक शाळांतून फोन आला की आमच्या पोटात गोळा येतो.

कृष्णाकाठचा

आम्ही पलूस तालुक्यातले. माझा पूर्ण पाठिंबा, आणि कारण सांगतो.

ऑगस्ट 2019 चा पूर आठवा. पाणी ओसरल्यावर बाहेरून बरीच पथकं आली, मुलांना खेळवलं, चित्रं काढून घेतली. चांगली माणसं होती, वेळेला धावून आली. आठवड्याभरात गेली. त्यानंतर पुढच्या पावसाळ्यात धरणाचा विसर्ग वाढला अशी बातमी आली की वर्गात मुलं दप्तर आवरायला लागायची. एक पोरगं रोज सकाळी नदीचं पाणी कुठवर आलंय ते बघूनच शाळेत यायचं, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही. तेव्हा त्या मुलांजवळ आम्ही होतो, गावातले. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की अशी भीती वर्ष-दोन वर्षांनीही डोकं वर काढते, आणि "घाबरू नको" म्हणून ती जात नाही. त्या पोराला त्याच्याच वर्गशिक्षकांनी पाणीपातळी लिहायचं काम दिलं, रोज फळ्यावर. त्याने त्याचं बघणं थांबलं नाही, पण घाबरणं कमी झालं. हे त्यांना सुचलं. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला कळलं असतं तर तिथेही झालं असतं. पण कळणार कसं? आम्ही एकमेकांना भेटतो ते यू-डायसच्या, म्हणजे शाळेची माहिती भरायच्या, नाहीतर निवडणुकीच्या कामात.

बाहेरची मदत येते आणि जाते. इथल्या माणसांची एकमेकांना ओळख हवी.

सातारी_कंदी

साताऱ्याकडून दोन गोष्टी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्था इथे आहे. तिथल्या लोकांशी बोला. वडिलांची दारू हा विषय तर शाळेतल्या निम्म्या गोष्टींच्या मुळाशी सापडतो. आणि जकातवाडीला यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी जागा लागतात आणि आपल्याला माणसं. प्राध्यापकांनी अधूनमधून बैठकीला बसावं असं विचारून बघता येईल.

पाटण-जावळीकडचे बाप मुंबईत माथाडी, पोरं गावी आईजवळ. तुमच्या गलाईच्या गोष्टीत मला आमचीच घरं दिसली.

मुख्याध्यापक_तासगाव

शनिवार ठेवा. सकाळची शाळा असते, दुपारी दोनपर्यंत माणूस कराडला पोचतो. इतर वारी ऑन ड्युटी पाठवायचं तर पत्र लागतं. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना एक निवेदन द्या, मी सही करतो आणि आणखी काही मुख्याध्यापकांच्या मिळवतो. निवेदनात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातल्या वर्षातल्या दोन प्रशिक्षणांचा उल्लेख जरूर करा. शिवाय 2022 च्या शासन निर्णयाने शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तिच्या इतिवृत्तात या बैठकीची नोंद घेतली की काम कागदावरही येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला आहे. हे तास त्यात धरावेत अशीही मागणी करू.

पण पत्राची वाट बघत बसू नका. पहिली बैठक घ्या. पत्र मागून येईल.

एकच आग्रह : समुपदेशकाला शाळेत बसायला जागा द्या, असं मुख्याध्यापकांना कुणीतरी सांगायला हवं. स्टाफरूमच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या देखत, मूल काय बोलणार? आमच्याकडे ग्रंथालयाची मागची खोली रिकामी करून दिली. काचेचं दार आहे, आतलं दिसतं, ऐकू येत नाही. मुलांनाही सुरक्षित वाटतं आणि शिक्षकालाही.

जतकर

कराड आम्हाला लांब पडतं हो. जतहून एसटीने जायचं-यायचं म्हणजे अख्खा दिवस. मिरजेला ठेवलं तर येऊ.

येरळाकाठ

जतकर, बरोबर आहे. मग एक महिना कराड, एक महिना मिरज. मिरजेच्या महिन्यात डॉक्टर असतील, कराडच्या महिन्यात साताऱ्याचे ज्येष्ठ. ऑनलाइन ठेवूया नको असं माझं मत, निदान पहिले सहा महिने. घरात बसून बोललं की शेजारच्या खोलीत कोण ऐकतंय ते आपल्यालाच माहीत नसतं.

पहिली बैठक पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी अडीच ते पाच, कराड. स्टँडपासून चालत जाता येईल अशा एका वाचनालयाची खोली मिळते आहे. चहा आपापल्या खर्चाने. केस मांडणाऱ्याने एक पानाचा कागद आणायचा : मूल का आलं किंवा का पाठवलं गेलं, आतापर्यंत किती भेटी झाल्या, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, घरचे काय म्हणतात, मी काय केलं, आणि मी कुठे अडलो. शेवटचा मुद्दा रिकामा असेल तर ती केस त्या दिवशी घ्यायची नाही. पहिल्या तासात एक, दुसऱ्यात एक, आणि उरलेला अर्धा तास आपल्या स्वतःच्या थकव्यासाठी. रात्री झोप न लागणारे समुपदेशक मी बघितले आहेत, त्यावर आपण बोलतच नाही.

एक केस माझी. दुसरी कुणाची?

गुरुजी_वाळवा

माझी धरा. नववीतला मुलगा, प्रयोगशाळेत थांबणारा. गाव-घर बदलून कागद लिहितो. अडलो कुठे ते लिहायलाच वेळ लागेल, पण बैठकीच्या आधी पुरा करतो. वाळवा तालुक्यातलं दुसरं कुणी येणार असेल तर आधी कळवा, म्हणजे त्यांना मिरजेच्या महिन्यात घेता येईल.